ठकूच्या छातीतला तुकडा

ठकूला ऑपरेशनला आत नेऊन बराच वेळ झाला होता, आणि बाहेरच्या हॉलमध्ये बसलेल्या एकूण एक माणसाची आत्याने मनातल्या मनात झडती घेऊन झाली होती. कोपऱ्यातला म्हातारा झोपलेला नव्हता, शेजारच्या दोघी बहिणींचं भांडण ऐकत होता. चहाच्या मशीनपाशी उभा असलेला जावई सासऱ्याच्या काळजीने फोनकडे बघतोय असं दाखवत होता, पण त्याच्या चष्म्याच्या काचेत मॅचचं मैदान हिरवंगार चमकत होतं.

ही खोड जुनी. आत्याचा उभा जन्म विमा कंपनीत गेलेला. दुकान आपोआप जळलं की जाळलं, पाय खरोखर मोडलाय की प्लॅस्टरच्या आत धडधाकट आहे, हे बघायला कंपनी तिला पाठवायची, आणि ती हात हलवत परत आली असं सहसा व्हायचं नाही. ऑफिसात तिला भिंगबाई म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

घरात कोणी तसं म्हणत नसे. घरात तिच्यासमोर माणसं जरा जपून बोलत, एवढंच. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटा भाऊ बाबू शाळेत होता. त्याला तिने वाढवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय बाजूला सारला तो सारलाच. बाबू पुढे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारी एक मुलगी त्याला आवडली, ती भावजय म्हणून घरात आली. आणि लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, ठकू झाली. आता पाच महिन्यांची, गालावर खळी, आणि हृदयात भोक.

तर हॉलमध्ये बाबू पंख्याकडे बघत बसला होता, भावजय ठकूचं टोपडं हातात चुरगाळत होती, आणि आत्या लोकांना तपासत होती. तेवढ्यात ऑपरेशनच्या बाजूचं झुलतं दार उघडलं आणि हातात छोटी निळी पेटी घेतलेली एक मुलगी बाहेर आली. पेटीत बर्फ असावा, बाहेरून तिला घाम सुटला होता. मुलगी भराभर चालली होती. पण भावजयीच्या समोरून जाताना तिने मान किंचित हलवली, आणि भावजयीनेही हलवली.

दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"कोण गं ती?" आत्याने विचारलं.

"कोण?"

"आत्ता गेली ती. निळी पेटीवाली. तुझ्याकडे बघून मान हलवली तिने."

"माझ्याकडे? छे हो ताई. मागे कुणीतरी असेल."

आत्याने मागे वळून बघितलं. मागे भिंत होती, आणि भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

थोड्या वेळाने सर्जन बाहेर आले. टोपीचा वळ अजून कपाळावर होता. भोक बुजवलंय, सगळं नीट झालंय, आता दोन-चार दिवस काळजीचे, असं म्हणाले. बाबूने चेहरा दोन्ही हातांत लपवला. मग सर्जन जाता जाता म्हणाले, "हृदयाच्या वरच थायमस नावाची ग्रंथी असते. तान्ह्या मुलांत ती चांगली मोठी असते, आमच्या वाटेत येते. म्हणून तिचा काही भाग काढावा लागतो. नेहमीचंच आहे, घाबरायचं कारण नाही."

"काढलेला भाग कुठे आहे?" आत्याने विचारलं.

सर्जन तोवर पुढे निघालेही होते. त्यांच्या मागचा शिकाऊ डॉक्टर थबकला. "अं... पॅथॉलॉजीत," तो म्हणाला आणि धावला.

आत्याने भावजयीकडे पाहिलं. कुठलीही आई अशा वेळी विचारते, काय काढलं, किती काढलं, का काढलं. ही काही बोलत नव्हती. जमिनीच्या फरशीवरची रेघ बघत होती.

पॅथॉलॉजीची खिडकी तळमजल्यावर होती. आत्या तिथे गेली. आतल्या माणसाने ठकूचा नंबर दोनदा टाइप केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "यांचं आमच्याकडे काही आलेलं नाही."

"येणार असेल?"

"आज यायचं ते येऊन गेलं."

आत्याने शिकाऊ डॉक्टरला जिन्यात गाठलं. तो पाव खात होता. "पॅथॉलॉजीत नाही तो तुकडा," ती म्हणाली.

"मग... टाकून दिला असेल. तसाच टाकतात बहुतेक."

"आधी पॅथॉलॉजी म्हणालात."

"हो का?" त्याचे कान लाल झाले. "सॉरी, मला आत बोलावतायत."

कोणीही बोलावत नव्हतं. एका तोंडातून दोन उत्तरं आली की आत्याच्या लेखी प्रकरण मिटत नसे, सुरू होत असे. छोट्या पोरीच्या छातीतला मांसाचा तुकडा, हृदयाला लागून असलेला, एका पेटीतून कुठेतरी गेला होता. कुठे गेला ते कोणी सांगत नव्हतं. आणि ज्या आईने पोटच्या पोरीसाठी आकाशपाताळ एक करायला हवं, ती पेटीवालीला ओळखून ओळख नाकारत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी ठकू अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जाळ्यात झोपलेली होती. एका वेळी एकालाच आत सोडत. भावजय आत असताना आत्याने बाबूला बाहेर बाकावर बसवलं.

"तुझी बायको काहीतरी लपवतेय."

"ताई..."

"ऐकून घे. ठकूचं जे काढलं ते हॉस्पिटलात कुठेच नाही. मी विचारून आले. आणि जी मुलगी ते घेऊन गेली तिला ही ओळखते."

बाबूने कान खाजवला. "ताई, ठकू श्वास घेतेय स्वतःच्या जोरावर. सकाळी बोट धरलं माझं. तेवढं बघ ना आत्ता."

"ते बघतेच आहे. म्हणून तर विचारतेय."

"तू दमलीयस. घरी जाऊन जरा पड." त्याने पुन्हा कान खाजवला. आत्याला वाटलं, पोरगा किती थकलाय. लहानपणी खोटं बोलताना त्याचा हात असाच कानाकडे जायचा हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण भिंग सगळ्या जगावर धरणारी बाई बाबूवर ते कधी धरत नसे. त्या दिवशीही तिने धरलं नाही.

दुपारी ती कॅन्टीनमध्ये चहा आणायला गेली आणि दारातच थांबली. खिडकीपाशी भावजय आणि पेटीवाली समोरासमोर बसल्या होत्या. पेटीवाली फोनवर काहीतरी दाखवत होती. भावजयीने बघितलं, ओढणीने डोळे पुसले, आणि मग, याने आत्याच्या अंगावर काटाच आला, हसली. मोकळं हसली. घरी ती असं हसल्याचं आत्याला आठवेना.

आत्या खांबाआड उभी राहिली. मोठ्या माणसाने खांबाआड उभं राहू नये हे तिला कळत होतं. पण आता डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. अवयवांच्या धंद्याच्या गोष्टी तिने कामाच्या निमित्ताने ऐकल्या होत्या. भावजयीने काही कबूल तर केलं नसेल ना कुणाला? कशाच्या बदल्यात? की कोणी तिला फसवलंय? भोळी बाई, हसत हसत मान कापून देईल. मग लगेच दुसरं मन म्हणे, भोळी कसली. भोळी माणसं मागे भिंत असताना मागे कुणीतरी असेल असं म्हणत नाहीत.

पेटीवाली उठली तशी आत्या तिच्या मागे निघाली. मुलगी आधी वर ऑपरेशनच्या बाजूला गेली, पेटी घेऊन बाहेर आली, मागचं अंगण ओलांडून जुन्या इमारतीत शिरली. आत्याने जिन्यात बरंच अंतर ठेवलं. पाठलाग करताना चपला हातात घ्यायच्या हे तिला कामानेच शिकवलं होतं. तिसऱ्या मजल्यावर एका दाराआड मुलगी दिसेनाशी झाली. दारावर पाटी होती, परवानगीशिवाय आत येऊ नये.

आत्याने चपला घातल्या, पदर नीट केला, पर्समधून कंपनीचं ओळखपत्र काढून गळ्यात अडकवलं आणि आत गेली.

खोलीत फ्रिज घरघरत होते. पेटीवाली हातमोजे घालून बसली होती आणि तिच्यासमोर काचेच्या बशीत, ओल्या कापसाच्या बोळ्यासारखा, फिकट गुलाबी तुकडा होता. तिने तो एका बारीक चाळणीवर ठेवला आणि इंजेक्शनच्या दट्ट्याने हळूहळू चिरडायला घेतला. खाली दुधाळ पाणी जमू लागलं.

हा तुकडा आजचा, दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराचा. काल याच चाळणीवर ठकूचा होता.

"कोण हवंय आपल्याला?" पलीकडच्या यंत्रामागून एक बाई उठल्या. केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट, डोळ्यावरचा चष्मा एका बाजूने दोऱ्याने बांधलेला. या डॉक्टरीणबाई, प्रयोगशाळेच्या प्रमुख.

आत्याने ओळखपत्र पुढे धरलं. "चौकशी आहे."

पेटीवालीने वर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. हॉलमधली बाई तिने ओळखली होती. पण तिने मान पुन्हा चाळणीवर वाकवली.

"कसली चौकशी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मुलांच्या छातीतले तुकडे इथे कोणाच्या परवानगीने येतात?"

"त्यांच्या आईवडिलांच्या. प्रत्येक वेळी."

"कुठला तुकडा कुठल्या मुलाचा, ते माहीत असतं?"

"मला नाही. मला नुसता नंबर येतो. आईवडिलांशी बोलायचं काम हिचं. नावं ती मला सांगत नाही आणि मी विचारत नाही."

"सोयीचं आहे."

"सोय कसली, नियम आहे. तुकडा नाहीतरी सर्जनला काढावाच लागतो. आधी कचऱ्यात जायचा."

"आणि आता तुम्ही त्याचं काय करता?"

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट न्याहाळलं. मग खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवली. "बसा. उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही ते."

आत्या बसली. समोरच्याला बोलू द्यावं, चुकतो तो बोलतानाच, हा तिचा धंद्यातला पहिला धडा.

"रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, टी पेशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हाडांच्या मगजातून त्या कोऱ्या निघतात आणि या ग्रंथीत येतात. इथे त्यांची पारख होते. जिला काहीच ओळखता येत नाही ती मरते. जी घरच्यांवरच धावून जाते, म्हणजे आपल्याच शरीरावर, तिलाही बहुतेक वेळा इथेच संपवतात. शंभरातल्या दोन-चार पास होतात."

"पारख कोण करतं?"

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसावं. "साध्या पेशींची पारख ग्रंथीच्या स्वतःच्या पेशी करतात. तिथल्या मास्तरणी समजा. पण थोड्या पेशी निराळ्या असतात, आम्ही त्यांच्याच मागे आहोत. त्यांना मास्तरणी निवडत नाहीत. शेजारी बसलेल्या, त्यांच्यासारख्याच शिकाऊ पेशी त्यांना निवडतात. आणि तिथून त्यांचं वळणच बदलतं. साधी टी पेशी बाहेर पडते तेव्हा तिला काही येत नसतं. शत्रू भेटला की मग शिकणार, त्यात दिवस जातात. या निराळ्या पेशींची तयारी आधीच झालेली असते. जंतूची खूण दिसली की लगेच कामाला. उपजत शहाण्या."

"मग सगळं माहीतच आहे की तुम्हाला. तुकडे कशाला हवेत?"

"हे सगळं उंदरांत दिसलं. उंदरांत या पेशी ग्रंथीतच आपापलं काम ठरवून घेतात. एकीने या प्रकारची लढाई करायची, दुसरीने त्या प्रकारची. माणसाच्या मुलांत मात्र तसं दिसत नाही. बहुतेकजणी अर्धवट शिकूनच बाहेर पडतात असं वाटतं. मग उरलेलं कुठे शिकतात? आतड्यात? यकृतात? कोण शिकवतं? आणि असतात किती, तर हजारात एखादीसुद्धा नाही. म्हणून शोधायला तुकडे लागतात."

"मग कुठे शिकतात?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही."

तिच्या अनुभवात लबाडाकडे कधी उत्तरांचा तुटवडा नसायचा. जाळपोळ करणाऱ्याला आग किती वाजता आणि कुठल्या तारेतून लागली ते मिनिटासकट सांगता यायचं. ही बाई बेधडक माहीत नाही म्हणत होती. क्षणभर आत्याला ती आवडली. पण लगेच तिने स्वतःला आवरलं. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसापासून तर दोन पावलं लांबच राहावं.

"परवानग्या दाखवा," ती म्हणाली.

"त्या हॉस्पिटलच्या ऑफिसात असतात. मला बघायची मुभा नाही, तुम्हाला कशी दाखवू?"

"ठीक आहे. मग कंपनीकडून विचारणा येईल. तोवर हे सगळं कितपत चालू ठेवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा."

विचारणा वगैरे काही येणार नव्हती. ती नुसती थाप होती. अशा थापेने घाबरून माणसं खरं बोलतात. डॉक्टरीणबाई मात्र फक्त पेटीवालीला म्हणाल्या, "थांबव तू जरा." दट्ट्या थांबला.

जिना उतरताना आत्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. तिथे धंदा चालत नव्हता, एवढं तिला नाक सांगत होतं. पण भावजय खोटं बोलली होती, ते काही केल्या खरं होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या ठकूला बघायला आली तेव्हा भावजय अतिदक्षता विभागाबाहेरच्या बेसिनपाशी उभी होती. आत जाताना कोपरापर्यंत हात धुवावे लागत. तिचे हात साबणाने पांढरे झाले होते आणि नळ तसाच वाहत होता.

"मला ऑफिसातून फोन आला," ती वळून न बघता म्हणाली. "तुमची परवानगी कायम आहे का, की मागे घ्यायची आहे, असं विचारत होते. सगळ्याच आईबापांना विचारतायत. कोणीतरी विमा कंपनीची बाई चौकशीला आली होती म्हणे. गळ्यात कार्ड. अशा किती बायका असतात हो ताई?"

आत्याने नळ बंद केला. "तू मला खोटं सांगितलंस. मागे कुणीतरी असेल म्हणालीस."

"हो. सांगितलं."

"का?"

"कारण खरं सांगितलं असतं तर तुम्ही विचारत बसला असता. कोण मुलगी, कुठली प्रयोगशाळा, कशावरून, आणि पुढे काय झालं तर. शेवटी मी कंटाळून नको म्हटलं असतं. या घरात मी कितीतरी गोष्टींना असंच नको म्हणत आले." भावजयीचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर आत्याला सोपं गेलं असतं. "ऑपरेशनच्या आधी ती मुलगी माझ्याशी बोलली. तासभर बसली होती. तुकडा तर निघणारच आहे, टाकण्याऐवजी दिला तर चालेल का? मी हो म्हटलं. मी तिची आई आहे."

"पण कशाला? आपल्या पोरीचं..."

"पहिलं गेलं तेव्हाचं आठवतं तुम्हाला?"

आत्याला आठवलं. ठकूच्या बरंच आधी, सातव्या महिन्यात. घरात तो विषय निघत नसे.

"तेव्हा तुम्ही पलंगाशी बसून मला विचारत होतात. जिना का चढलीस. ओझं कुणी उचलायला सांगितलं. कुठली गोळी घेतलीस, डबी दाखव. मी डबी दाखवली, ताई. अंगात उठायचं त्राण नव्हतं, तरी उठून दाखवली. आणि डॉक्टर म्हणाले, का झालं ते आम्हाला माहीत नाही. अजून कुणाला माहीत नाही. तेव्हापासून डोक्यात आहे, कुणीतरी शोधायला नको का? दुसऱ्या कशाचं का असेना, पोरांच्या शरीराचं काहीतरी. म्हणून दिला मी तुकडा. काल कॅन्टीनमध्ये तिने दाखवलं, कसं दिसतं ते. ठकूचं नव्हे, जुनंच कुठलंतरी चित्र. नुसते रंगीत ठिपके. ते बघून मी रडले आणि मग हसले. खांबामागे तुमची पर्स दिसत होती मला."

आत्याने पकडलेली माणसं जशी गप्प होत, तशी ती गप्प झाली. मग तिच्या तोंडून निघालं, "बाबूला तरी सांगायचंस."

भावजयीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, थोडी कीवच होती.

"त्याला माहीत आहे, ताई. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं."

बाबू जवळच्याच बाकावर बसला होता. त्याचा हात कानाकडे गेला, तिथेच थांबला, आणि खाली आला.

त्या दिवशी आत्या अतिदक्षता विभागात गेलीच नाही. अंगणातल्या कट्ट्यावर बसून राहिली. भावजय लपवते याचं दुःख तिला सोसलं असतं. परकी पोर, दुसऱ्या घरातून आलेली. पण बाबू! ज्याचे दात पडताना तिने मोजले, ज्याला ताप आला तर ती उशाशी बसून राहिली, तो तिच्याशी बोलताना शब्द निवडून बोलत होता. आणि किती वर्षं? तिने मागे जाऊन एकेक आठवायला सुरुवात केली, जशी प्रकरणं तपासायची तशी. त्याचं काम बदललं ते तिला किती उशिरा कळलं. दोघं सिनेमाला गेली तरी मित्राकडे गेलो होतो म्हणायची. ठकू होणार हे शेजारणीला आधी माहीत होतं. सगळे पुरावे कधीपासून समोर पडलेले होते, आणि आरोपी कोण ते तिला आज दिसलं.

मग ती उठली आणि हॉस्पिटलच्या ऑफिसात गेली.

"काल प्रयोगशाळेत गेलेली बाई मीच," ती तिथल्या अधिकारी बाईंना म्हणाली. "कंपनीचा काही संबंध नाही. कार्ड मी उगाच दाखवलं. आणि माझी तक्रार नाही."

"कंपनीला आम्ही फोन केलाय," अधिकारी बाई म्हणाल्या. "तिथे कोणाला काही माहीत नव्हतं."

ते तिने गृहीतच धरलं होतं. तिच्या साहेबांनी दुपारी तिला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. "भिंगबाई, भिंग कुठे धरायचं हे कंपनी ठरवते," एवढंच म्हणाले आणि तिला बाहेरच्या कामावरून काढून टेबलावर बसवलं. बाकीचे लोक जेवणाच्या सुट्टीत हळू आवाजात बोलत. आत्याने कान दिला नाही. म्हणजे द्यायचा नाही असं ठरवलं, आणि बऱ्याचदा जमलं.

त्याच दिवशी संध्याकाळी ती पुन्हा जुन्या इमारतीचा जिना चढली. या वेळी चपला पायात होत्या, कार्ड घरी होतं. पेटीवाली दारातच भेटली.

"डॉक्टरीणबाई आहेत?"

"मीटिंगला गेल्यात. तुमच्यामुळेच." मुलगी चिडलेली होती आणि ते लपवत नव्हती. "कालचा तुकडा टाकावा लागला. परवानग्या पुन्हा तपासून होईपर्यंत हात लावू नका म्हणाले, आणि पेशी काही आपल्यासाठी थांबून राहत नाहीत. मेल्या सगळ्या."

"कुणाचा होता तो?"

मुलीने तिच्याकडे नुसतं बघितलं. आत्याने जीभ चावली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडी इतके नवे होते की कुणी दुसरंच बोलल्यासारखं तिला वाटलं. "ऑफिसात सांगून आलेय मी. उद्यापासून सुरू होईल म्हणालेत."

मुलगी थोडी निवळली. "त्या आईने स्वतः फोन करून विचारलं होतं मला, मिळाला ना नीट म्हणून. आता तिला काय सांगू?"

आत्याचा जन्म प्रश्न विचारण्यात गेला होता, त्याचा इथे काही उपयोग नव्हता. "माहीत नाही," ती म्हणाली.

ठकू घरी आली. छातीवर मधोमध गुलाबी व्रण, आवाज मात्र आधीपेक्षा खणखणीत. भावजय आत्याशी बोलायची, पण कामापुरतं. दूध संपलंय, औषधाची वेळ झालीय. आत्याही जास्त विचारत नसे. बाबू दोघींच्या मधून लिफ्टसारखा वरखाली करत राहिला.

एका रविवारी आत्या बाहेरून आली तर स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. बाबू काहीतरी म्हणाला, भावजय म्हणाली, "पण ताईंना कळलं तर?" आत्याचे कान टवकारले ते टवकारलेच. पाय आपोआप हलके झाले. दाराच्या कडेला, भिंतीला खेटून उभं राहिलं तर अख्खं बोलणं ऐकू आलं असतं, ती जागा तिला पक्की माहीत होती. ती तिथपर्यंत गेलीही.

मग ती मोठ्याने खोकली.

आत भांडं वाजलं.

"ताई, तुम्ही का?" भावजयीचा आवाज आला. "या ना आत."

टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग होता आणि ठकू बाबूच्या मांडीवर एक शेंग चावायचा प्रयत्न करत होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग भावजयच म्हणाली, "हॉस्पिटलातून विचारलंय. पुढच्या तपासणीला नाहीतरी तिचं रक्त घेणार आहेत. त्यातलं चमचाभर प्रयोगशाळेला दिलं तर चालेल का म्हणून. त्या पेशी बाहेर पडल्यावर पुढे कुठे काय शिकतात, ते बघायचंय त्यांना." ती थांबली. "आमचं ठरत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?"

आत्याच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागली. चमचा म्हणजे नेमकं किती? काढणार कोण? ठेवणार कुठे? नाव राहणार की नंबर? सगळे प्रश्न रास्त होते, आणि त्यांतला एकही तिला चुकीचा वाटेना. ती खुर्चीवर बसली, ठकूच्या तोंडातून शेंग काढून घेतली.

"रडेल का गं ती?"

"रडेल की. सुई आहे शेवटी."

"मग मी येते बरोबर. तुला बघवणार नाही. माझ्या मांडीवर दे तेव्हा."

"म्हणजे द्यायचं म्हणतेस?" बाबूने विचारलं.

"मी कुठे म्हणते? तुम्ही ठरवा. मी मांडीचं बोलतेय."

"आणि सुई नवीन आहे का, पाकीट फोडलेलं आहे का, ते नाही बघणार तू?"

"ते तर बघणारच," आत्या म्हणाली. "ते कशाला सोडू?"

बाबू हसला. भावजय हसली नाही, पण तिने ढिगातल्या अर्ध्या शेंगा आत्यापुढे सरकवल्या आणि सोलायला रिकामं भांडं दोघींच्या मध्ये ठेवलं.